मरणाची प्रतवारी नाकारणारे पुस्तक

वॉर्सा घेट्टोच्या उठावावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात पोलिश लेखिका हॅना क्राल यांचे १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेले आणि इंग्रजीत ‘शील्डिंग द फ्लेम’ या नावाने आलेले छोटेसे पुस्तक आम्हाला वेगळे वाटते. उठावाचे एक नेते मारेक एडेलमन यांच्याशी झालेल्या संभाषणांतून ते घडले आहे.

१९४२ च्या उन्हाळ्यात नाझींनी दोन महिन्यांत अडीच लाखांहून अधिक ज्यूंना वॉर्साहून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेले. मागे उरलेल्या तरुणांनी थोडी पिस्तुले आणि हातबॉम्ब जमवले. १९ एप्रिल १९४३ रोजी जर्मन फौज घेट्टोत शिरताच त्यांनी लढा दिला. जर्मनांनी घरे एकामागून एक पेटवली, तरी झुंज सुमारे चार आठवडे चालली.

अशा विषयावर पोवाडा रचणे सोपे. एडेलमन मात्र तो मोह पाळत नाहीत. सेनापती अ‍ॅनिएलेविच लहानपणी आईची शिळी मासळी ताजी दिसावी म्हणून तिचे कल्ले लाल रंगाने रंगवत असे, हे ते सहज सांगून जातात. लढवय्यांची संख्या इतरांनी पाचशेच्या पुढे नेली. ते सुमारे २२० सांगतात. पुष्कळ वाचकांना हे रुचले नाही. वीराचे असे माणूसपण पचायला जडच जाते.

पण पुस्तकाचा खरा गाभा निराळा आहे. गाडीत चढायला राजी होणाऱ्यांना जर्मन तीन किलो पाव देत, आणि भुकेली माणसे त्यासाठी रांगा लावत. त्यांना भित्रे म्हणायला एडेलमन ठाम नकार देतात. बंदूक हाती घेऊन मरणे त्यांच्या मते उलट सोपे. मुलाचा हात धरून मुकाट चालत जाणे अधिक कठीण. पुढे हृदयरोगतज्ज्ञ झालेला हा माणूस रुग्णासाठी मृत्यूशी झगडतो, तेही त्याच लढ्याचे पुढचे पान वाटते. निवेदन काळात सतत मागेपुढे उड्या मारते, त्यामुळे नवख्या वाचकाची वाट चुकते, हा दोष मात्र नोंदवायला हवा.

आपल्याकडे ज्यूंचे दुःख वाचणे म्हणजे इस्रायलची बाजू घेणे, असा एक समज आहे. एडेलमन झिओनवादी नव्हते. ते २००९ मध्ये मरेपर्यंत पोलंडमध्येच राहिले. २००२ मध्ये त्यांनी पॅलेस्टिनी लढवय्यांना जाहीर पत्र लिहिले. त्यात त्यांना लढवय्ये मानूनच, निरपराधांचे बळी घेणारे आत्मघाती हल्ले थांबवा, असे बजावले. त्या सुरामुळे इस्रायलमध्ये अनेकजण दुखावले.

दंगलीत मेलेल्यांविषयी ‘ते लढले का नाहीत?’ असे विचारले जाते, तेव्हा आम्हाला हे पुस्तक आठवते. शहादतीचे गोडवे गाताना आपणही निःशस्त्र मेलेल्यांना खालच्या रांगेत बसवतो काय, हे तपासायला हवे. मरणाची प्रतवारी लावण्याचा हक्क जिवंतांना नाही. आपल्या लेखकांनी हे पुस्तक एवढ्यासाठी तरी जरूर वाचावे.