‘यजमान’ या संज्ञेचा विचार : शोभिवंत झुडपांच्या विषाणूंच्या संदर्भात

शोभिवंत झुडपांवरील विषाणूंचे वर्णन मराठीत करताना दोन शब्द अटळ ठरतात : ‘विषाणू’ आणि ‘यजमान’. पहिल्याविषयी तक्रारीस जागा नाही. लॅटिन ‘व्हायरस’ आणि संस्कृत ‘विष’ हे शब्द एकाच प्राचीन मुळाचे वंशज असल्यामुळे ही घडण नुसते भाषांतर राहत नाही. ‘यजमान’ची गोष्ट वेगळी. यज्ञ करविणारा, घरधनी, पाहुण्याचे आतिथ्य करणारा, हे त्याचे अर्थ इच्छा गृहीत धरतात. झुडपाला ती नसते. तथापि रूपक म्हणून हे खपून जाईल. खरा दोष असा की, ‘यजमान-व्याप्ती’ या एकाच संज्ञेखाली तीन भिन्न विधाने दडपली जातात : वनस्पती शेतात वा बागेत आपोआप बाधित झालेली आढळते, ती प्रयोगशाळेत बाधित करता येते, आणि विषाणू तिच्यात असूनही ती लक्षणे दाखवीत नाही.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. भेंडीच्या पिवळ्या शिरांचा रोग १९२४ साली कुलकर्णी यांनी मुंबई इलाख्यातून नोंदविला. उप्पल, वर्मा व कपूर यांनी १९४० साली तो विषाणुजन्य असल्याचे दाखविले. पांढरी माशी त्याचा प्रसार करते आणि बागेतील हॉलिहॉकसारख्या भेंडीच्या कुळातील वनस्पतींनाही तो होतो. अर्थात शोभेची ताटवी भाजीच्या वाफ्याला रोग पुरवू शकते. पुढे २००३ साली असे दिसून आले की, भेंडीवर रोगाची पूर्ण लक्षणे उमटण्यास मूळ विषाणूच्या जोडीला त्याच्या निम्म्या आकाराचा एक उपग्रहरूप डीएनए लागतो. मग ‘भेंडी हा यजमान’ या वाक्यात यजमान कोणाचा, एकट्या विषाणूचा की जोडीचा? वाक्य याविषयी मूक राहते.

अब्यूटिलॉन या झुडपाचे उदाहरण अधिक बोलके आहे. हेही भेंडी-जास्वंदीच्याच कुळातील. त्याचा चितकबऱ्या पानांचा प्रकार १८६८ साली वेस्ट इंडीजमधून युरोपात गेला आणि आवडीने वाढविला गेला. ते चितकबरेपण विषाणूची करणी होती. तेथे रोग हीच शोभा ठरली. पिढ्यान्‌पिढ्या केवळ फाटे लावून अभिवृद्धी केल्यामुळे या विषाणूच्या बागेतील वाणाने पांढऱ्या माशीमार्फत पसरण्याची क्षमता गमावली. परिणामी कलमाने सिद्ध होणारा यजमान माशीने सिद्ध होत नाही. संसर्गाचा मार्ग न सांगता केलेले व्याप्तीविषयक विधान म्हणूनच अपुरे होय.

लोकभाषेतही अडचण आहेच, पण ती वेगळ्या जातीची. ‘केवडा’ हे नाव शेतकरी भेंडीच्या या विषाणुजन्य रोगाला देतात आणि बाजरीच्या बुरशीसदृश जीवाने होणाऱ्या रोगालाही. नाव रंगावरून पडले आहे, कारणावरून नव्हे. गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेड्यासारख्या, झाडीबोली आणि गोंडी दोन्ही कानांवर पडणाऱ्या तालुक्यात एखाद्याने ‘केवडा’ म्हणून बुरशीनाशक आणले, तर भेंडीवरील विषाणूला त्याचा काडीचाही उपद्रव होणार नाही. पैसा मात्र जाईल. अंगणातील क्रोटनच्या पिवळ्या शिरा त्या जातीचा स्वभावच असतो. उलट ‘क्रोटन यलो व्हेन मोझॅक’ या नावातील क्रोटन म्हणजे रस्त्याकडेचे एक तण. अंगणातले झुडूप कोडियम या निराळ्या प्रजातीचे आहे. नामसाम्यावर विसंबणारा येथे निरोगी झाड उपटील.

लोकांच्या नावाला दोष देणे उचित नाही; ते पाहिलेले प्रामाणिकपणे सांगते. शास्त्रीय संज्ञेकडून मात्र त्याहून अधिक अपेक्षा असते. ‘यजमान’ हा शब्द रूढ झाला असल्याने तो टाकण्याचे कारण नाही. त्याचा विशेषणरहित वापर तेवढा थांबला पाहिजे. ‘नैसर्गिक यजमान’, ‘प्रायोगिक यजमान’ आणि ‘निर्लक्षण यजमान’ असे भेद करावेत, आणि प्रत्येक नोंदीत संसर्ग कशाने घडविला व त्याची खात्री कोणत्या कसोटीने केली, हे लिहावे. तसेच ‘बाधा झाली नाही’ आणि ‘तपासले नाही’ यांतील अंतर राखावे. कारण यादीत नसलेले झुडूप निर्धोकच असते, असे नाही.