चित्रफितीत न दिसणारी कळ

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत मोटारींचे सुटे भाग बनवणारे अनेक लहान कारखाने आहेत. तिथल्या पॉवर प्रेसवर पत्रा कापतात, दाबून वळवतात. हात बाहेर येण्याआधी प्रेस खाली आला की बोटे जातात. शल्यचिकित्सक जखम शिवतो. पण या हाताने पुढे जगायचे कसे, हा प्रश्न उरतोच. तिथे व्यवसायोपचाराचे काम सुरू होते. इथे ‘व्यवसाय’ म्हणजे केवळ नोकरी नव्हे. जेवणे, नाडी बांधणे, मुलाला उचलून घेणे हेही व्यवसायच. कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाची देशातली पहिली शाळा सुरू केली.

हा विषय चित्रफितींच्या मदतीनेही शिकवतात. एका रुग्णाची फीत दाखवायची आणि तिच्यावर चर्चा करायची. कल्पना जुनीच आहे. हार्वर्डमध्ये लँगडेल यांनी १८७० पासून खटल्यांच्या आधारे कायदा शिकवला. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ पासून वैद्यकाचे विद्यार्थी रुग्णाच्या प्रश्नापासून शिकू लागले. फितीचे फायदेही खरे आहेत. सारा वर्ग एकच हालचाल पाहतो, हवी तितक्या वेळा पाहतो, आणि विद्यार्थ्याच्या चुकीची झळ रुग्णाला लागत नाही.

मग आमची तक्रार कशाबद्दल आहे?

समजा, उजव्या हाताची दोन बोटे गमावलेल्या कामगाराची फीत आपण पाहतो आहोत. तो फळीच्या भोकांत खुंट्या बसवतो. पकड मोजण्याच्या यंत्राचा काटा सरकतो. निवेदक सांगतो, ‘सुधारणा चांगली आहे.’ वर्ग वहीत तेच लिहितो. पण मोटारसायकलचा पुढचा ब्रेक या हाताने दाबता येईल का? थंडीत उरलेली बोटे दुखतात का? नसलेल्या बोटात कळ येते, ती कॅमेऱ्याला दिसत नाही, विचारावी लागते. प्रेसचा आवाज ऐकून त्याच्या पोटात गोळा येतो का, हेही विचारावेच लागते.

काय पाहायचे हे फितीने आधीच ठरवलेले असते. व्यवसायोपचाराचे खरे कौशल्य मात्र ते ठरवण्यातच आहे. म्हणजे शिकायची गोष्टच नेमकी वर्गाबाहेर राहते.

यावर उपाय अवघड नाहीत. फीत प्रथम निवेदनाशिवाय दाखवावी. मध्येच थांबवून प्रत्येकाने दोन रकाने भरावेत : ‘मी काय पाहिले’ आणि ‘मी काय धरून चालले’. तिसरा रकाना प्रश्नांचा : या माणसाला मी काय विचारीन? चित्रण घरीही करावे, काही महिन्यांनी पुन्हा करावे, आणि फसलेला प्रयत्न कापून टाकू नये. ज्याची भरपाई आणि नोकरी अजून अधांतरी आहे, तो माणूस कॅमेऱ्यापुढे दुखणे लपवील किंवा नकार द्यायला कचरेल, हेही लक्षात ठेवावे. आणि शेवटी विद्यार्थ्याने तो तिसरा रकाना घेऊन खऱ्या रुग्णासमोर बसावे.

शाळेत प्रयोगाची फीत दाखवताना आपणही हेच तीन रकाने वापरून पाहू शकतो. फितीत प्रयोग दर वेळी यशस्वी होतो. तिसरा रकाना कोरा राहिला, तर मुलांनी प्रयोग पाहिला, एवढेच म्हणता येईल.