धोंडो भिकाजीला हसणारे आणि न हसणारे

पु. ल. देशपांडे यांचे 'असा मी असामी' १९६४ साली प्रसिद्ध झाले. धोंडो भिकाजी जोशी नावाच्या गिरगावातल्या एका कारकुनाचे हे काल्पनिक विनोदी आत्मचरित्र. बेनसन जॉन्सन कंपनीतली नोकरी, चाळीतले बिऱ्हाड, बायको, मुले, शेजारी. भोवतालचे जग बदलत जाते, पोशाख बदलतो, मुलांच्या शाळा बदलतात, माणसांची बोलण्याची तऱ्हा बदलते आणि हा गृहस्थ प्रत्येक बदलाच्या मागे धापा टाकीत धावतो. अर्धे आयुष्य सरल्यावर आपल्या हाती काय आले, हे न कळणाऱ्या माणसाची ही तगमग आहे. पुलंनी ती हसत सांगितली. पुढे तिचे एकपात्री प्रयोग झाले, ध्वनिफिती निघाल्या, आणि हा कारकून मराठी मध्यमवर्गाच्या घरातलाच एक होऊन बसला.

या पुस्तकाविषयी एक वाक्य सर्रास बोलले जाते : 'हा तर आपल्या प्रत्येकाचाच धोंडोपंत आहे.' मला या लेखात विचार करायचा आहे तो या वाक्यातल्या 'आपल्या' आणि 'प्रत्येकाचा' या दोन शब्दांचा. पुस्तकाच्या गुणवत्तेचा वाद मला उकरून काढायचा नाही. पुलंची भाषेवरची हुकमत, माणसे टिपणारी त्यांची नजर, स्वतःलाच हास्यविषय करण्याचा त्यांचा दिलदारपणा या गोष्टी मान्य करूनच हा विचार करावा लागेल. प्रश्न वाचकाचा आहे.

भंडारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. विनोदी साहित्य हा घटक शिकवताना या पुस्तकातले उतारे मी वर्गात वाचून दाखवतो. वर्ग हसतो, नाही असे नाही. पण हसण्याच्या जागा वेगळ्या असतात आणि काही जागी वर्ग गप्प बसतो. घरी आई-आजी विड्या वळतात, पावसाळ्यात घरदार दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जाते, अशा घरातला एक मुलगा मला म्हणाला, "पगार त महिन्याच्या महिन्याले भेटते ना जी याले? मंग रडते कायले?" वर्गात हशा पिकला. मला मात्र हे वाक्य त्या पुस्तकावरचे पहिले गंभीर समीक्षण वाटले.

कारण विनोदाचे जे यंत्र आहे त्याच्या मुळावरच या मुलाने बोट ठेवले आहे. धोंडो भिकाजीला आपण हसू शकतो, कारण त्याचे फार वाईट काही होणार नाही याची खात्री आपल्याला पहिल्या पानापासून असते. तो घसरतो, पण सपाट जमिनीवर घसरतो. त्याच्या खाली दरी नाही. नोकरी आहे, नाव आहे, नावाला आडनाव आहे आणि त्या आडनावाला कोणी नाक मुरडत नाही. आयुष्य फुकट गेले असे म्हणायला आधी ते आपल्या हाती यावे लागते. मध्यमवयाची हुरहुर ही सुद्धा एक मिळकत आहे. ती ज्याच्याकडे आहे त्याला तिची किंमत कळत नाही, एवढेच.

'असामी' या शब्दाचीच गोष्ट घ्या. पुलंच्या वाचकाला या शब्दात 'एक इसम', 'एक वल्ली' असा मिश्किल अर्थ ऐकू येतो. आमचा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. येथे १९५१ पर्यंत मालगुजारी होती, आणि मालगुजारांनी बांधलेले तलाव आजही 'मामा तलाव' म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. पलीकडच्या हिंदी मुलखात 'असामी' म्हणजे मालगुजाराचे कूळ, सावकाराचा ऋणको. कोणाच्या तरी वहीत ज्याचे नाव आहे तो असामी. एकच शब्द गिरगावात हसवतो आणि वैनगंगेच्या काठावर हिशेब मागायला येतो. शीर्षक वाचतानाच दोन वाचक दोन दिशांना गेलेले असतात.

आणखी एक योगायोग मला महत्त्वाचा वाटतो. १९६२ साली नारायण सुर्वे यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' हा काव्यसंग्रह आला, १९६३ साली बाबुराव बागुल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला आणि १९६४ साली 'असा मी असामी'. लागोपाठच्या तीन वर्षांत तीन पुस्तके, तिन्हींच्या शीर्षकात 'मी', आणि तिघेही लेखक मुंबई अंगात मुरलेले. परंतु हे तीन 'मी' एका जिन्यावर कधी भेटले असतील असे वाटत नाही. सुर्व्यांचा 'मी' कामगारवस्तीतून उठून स्वतःला ब्रह्म म्हणवून घेतो. बागुलांच्या 'मी'ला रेल्वेत नोकरी लागते, पण डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून जात लपवावी लागते, आणि ती उघडी पडताच मार खावा लागतो. पुलंचा 'मी'ही नोकरदारच आहे. त्यालाही खोली लागते, शेजारी लागतात. पण आपण कोण, हा प्रश्न त्याच्यासाठी गमतीचा आहे. बागुलांच्या नायकासाठी तोच प्रश्न जिवावरचा आहे. 'असा मी असामी' असे म्हणून मोकळे होण्यासाठी, 'असा म्हणजे कसा? कोणापैकी?' हे समोरच्याने विचारू नये, अशी सोय आधी असावी लागते.

येथे आपल्यातले काही मित्र म्हणतील, मग हे पुस्तक आपले नाहीच, ठेवून द्या बाजूला. मला हा निकाल इतका सोपा वाटत नाही. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ सरकारी कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. बौद्ध समाजातले, घरातले पहिले पगारदार. 'असा मी असामी' त्यांना जवळजवळ पाठ आहे. महागाई भत्ता, सोसायटीचे कर्ज, पुण्यात शिकायला जाऊन तिकडचाच झालेला मुलगा, या सगळ्यात त्यांना धोंडोपंत दिसतो. कार्यकर्ते त्यांना ब्राह्मणाळलेला म्हणतात. मी म्हणणार नाही. बाबासाहेबांनी शिका म्हटले, तेव्हा शिकलेला माणूस पन्नाशीत पोहोचला की त्यालाही हुरहुर लागेल, हे त्यात आलेच होते. आपल्या माणसाने कायम उपाशीच दिसावे, तरच तो खरा, हा आग्रह आपला नसावा.

परंतु याच गृहस्थांनी एकदा जे सांगितले ते मी विसरू शकत नाही. ते म्हणाले, "सर, साहेब रागावला की धोंडोपंत घरी येऊन सांगते आणि लोक हासतेत. माह्यावर साहेब रागावला का मी आधी इचार करू, हा माह्या कामावर रागावला का माह्यावर?" धोंडोपंताचा वैताग आणि या माणसाचा वैताग बाहेरून सारखे दिसतात. आत एक पदर जास्तीचा आहे. तोच पदर 'प्रत्येकाचा धोंडोपंत' म्हणणाऱ्या वाचकाला दिसत नाही. पुस्तक वाचून तो हसला हा त्याचा दोष नव्हे. आपल्या हसण्याला तो सगळ्या मराठी माणसाचे हसणे समजला, हा त्याचा दोष आहे.

तिसरा प्रश्न पवनीकडच्या एका मुलीचा. तिने विचारले, "सर, हे त्याच्या बायकोनं लिहिलं असतं त?" मराठी समीक्षेने हा प्रश्न फार आधी विचारायला हवा होता. विनोदी आत्मचरित्रात बायको ही बहुधा हौसेची, हट्टाची आणि खर्चाची बाब असते. नवऱ्याची कोंडी हा विषय आणि बायको ही त्या कोंडीची एक भिंत. त्या मुलीला मी उर्मिला पवार यांचे 'आयदान' दिले. २००३ साली आलेल्या या आत्मकथनात कोकणातल्या खेड्यातून मुंबईत आलेली, नोकरी, संसार, शिक्षण आणि चळवळ एकाच वेळी ओढणारी बाई आहे. तिच्याही घरात कोंडी आहे, शिकणाऱ्या बायकोवर रुसलेला नवरा आहे, आणि जागोजागी खळखळून हसू आहे. ते हसू कोणाला खाली पाहायला लावून मिळवलेले नाही. 'आयदान'च्या मोकळेपणावर आपल्यातल्याच काही वाचकांनी नाके मुरडली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

त्यावरून 'बलुतं'ची आठवण होणे साहजिक आहे. १९७८ साली 'बलुतं' आले तेव्हा दया पवार त्रेचाळीस वर्षांचे होते. ते रेल्वेत नोकरी करीत होते. म्हणजे 'बलुतं' हेही मुंबईतल्या एका नोकरदाराने मध्यमवयात मागे वळून पाहिल्याचेच पुस्तक आहे. पांढरपेशा झालेला दया पवार आणि आत दडलेला दगडू मारुती पवार एकमेकांसमोर बसतात. एकाला दुसऱ्याची लाज वाटते आणि दुसऱ्याला पहिल्याची कीव येते. या मांडणीत उपरोध आहे, स्वतःची टर आहे. पुलंनी या पुस्तकाचे मनापासून स्वागत केले होते, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण वाचकांनी काय केले? सवर्ण वाचक हळहळला. आपल्यातला सुशिक्षित वाचक अवघडला, घरची लक्तरे वेशीवर टांगली म्हणून चिडला. 'बलुतं' वाचून हसलो, असे सांगणारा वाचक मला तरी भेटलेला नाही. धोंडोपंताला हसणारा आणि दगडूसाठी डोळे पुसणारा वाचक पुष्कळदा एकच असतो. त्याने सोयीची वाटणी करून घेतली आहे. हसू स्वतःकडे ठेवले आणि अश्रू आमच्या वाट्याला दिले. आमच्या पुस्तकात तो हुंदका शोधत येतो, आणि हुंदका नसेल तर पुस्तकाच्या अस्सलपणावर शंका घेतो.

या वाटणीला आपण मान्यता का द्यावी? विनोद ही वरच्या वर्गाची मक्तेदारी नाही. झाडीपट्टीत धान निघाले की मंडई भरते, दंडार होते, खडी गंमत रात्र रात्र रंगते. तिथला हसवणारा गडी पाटलाचीही सोय ठेवत नाही. आंबेडकरी जलशांनी तमाशातली गणगौळण टाकली, पण हसवणे टाकले नाही. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांच्या जलशांत भट-सावकाराची खिल्ली होती, तशी जुन्या रूढी न सोडणाऱ्या आपल्याच माणसाचीही होती. ते हसणे प्रबोधनाचे होते. पुलंच्या वाचकाचे हसणे समजुतीचे आहे. जग असेच चालायचे, असे ते शेवटी सांगते. जलशाचे हसणे म्हणत होते की असे चालणार नाही.

आता आक्षेप येईल, आणि तो मी हलका मानत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत एकाच दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. ज्या जिल्ह्यात हे घडले तेथे बसून विनोदाची मागणी करायची? माझे उत्तर असे की खैरलांजीवर विनोद होत नाही आणि होऊ नये. परंतु आपले सगळे जगणे खैरलांजीच्याच प्रकाशात वाचले जावे, हेही अत्याचार करणाऱ्यालाच सोयीचे आहे. मेलेला किंवा मार खाणारा एवढीच आपली ओळख उरते. घराच्या हप्त्याने कावलेला, पोराच्या इंग्रजीपुढे बुजलेला, समाजमंदिराच्या वर्गणीवरून भावकीशी भांडलेला, विहारात डुलकी लागलेला आपला माणूस साहित्यात येतच नाही. तो आहे. नागपुरात आहे, भंडाऱ्यात आहे, आरक्षणाने आणि स्वकष्टाने उभ्या राहिलेल्या वसाहतींमध्ये आहे. त्याच्यावर आपण लिहीत नाही, कारण त्याला हसलो तर शत्रूला हसे होईल, ही भीती आपल्याला वाटते.

ही भीती निराधार नाही. पण तिच्यातून बाहेर पडावे लागेल. 'असा मी असामी'ला नाकारून ते काम होणार नाही आणि त्याची नक्कल करून तर मुळीच होणार नाही. ज्याच्या खाली दरी आहे त्या माणसाच्या घसरण्यावर, ती दरी नजरेआड न करता हसता येईल काय, हा खरा वाङ्मयीन प्रश्न आहे. जो लेखक हे करील त्याला पुलंपेक्षा अवघड काम करावे लागेल. त्याच्या प्रत्येक वाक्याच्या मागे 'कामावर रागावला का माह्यावर?' हा प्रश्न उभा असेल.

तोवर वर्गात मी धोंडोपंत वाचून दाखवीत राहीन. कोण हसले यापेक्षा कोण कुठे गप्प बसले, याची नोंद समीक्षकाने ठेवली पाहिजे. मराठी वाचक नावाचा एकसंध प्राणी अस्तित्वात नाही, हे त्या गप्प बसण्यावरून कळते. आणि 'पगार त भेटते ना जी याले?' असे विचारणारा मुलगा उद्या नोकरीला लागेल, पन्नाशीला पोहोचेल, तेव्हा त्याच्या हुरहुरीला हसणारे आणि तिची किंमत जाणणारे पुस्तक मराठीत असले पाहिजे. ते लिहिण्याची जबाबदारी आपली आहे.