रोमन रहस्यकादंबरी
प्राचीन रोमच्या पार्श्वभूमीवर गुन्ह्याचा शोध मांडणारा ऐतिहासिक कादंबरीचा एक उपप्रकार. रोममध्ये आधुनिक अर्थाची अन्वेषण यंत्रणा नव्हती. फिर्याद बहुधा खाजगी व्यक्तीच दाखल करीत. त्यामुळे शोधकर्ता कोणास करावे, ही या प्रकाराची मूळ अडचण होय. लिंझी डेव्हिस यांनी ‘द सिल्व्हर पिग्ज’मध्ये (१९८९) व्हेस्पेझनकालीन खबऱ्याला नायक केले, तथापि त्याची वृत्ती विसाव्या शतकातील खाजगी गुप्तहेराच्या वळणाची आहे. स्टीव्हन सेलर यांच्या ‘रोमन ब्लड’ला (१९९१) सिसरोने इ. स. पू. ८० मध्ये लढविलेल्या पितृहत्येच्या खटल्याचा आधार असल्याने तीत रहस्य रोमन न्यायव्यवहारातूनच उलगडते. गुलामाची साक्ष सामान्यतः छळाखेरीज ग्राह्य न मानणाऱ्या समाजात सत्य कसे ठरते, हा प्रश्न टाळणाऱ्या कादंबरीत रोम केवळ नेपथ्य उरते.

रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून (१८७१) मराठी ऐतिहासिक कादंबरी मुख्यत्वे शिवकाल व पेशवाई यांत रमली. सोलापूरलगतच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर (प्राचीन तगर) येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे पाँपेई येथील मूर्तीशी साम्य आहे. रोमन व्यापाराशी निगडित अशा या नगरात रहस्यकथेस पुरेसा वाव आहे. मात्र तिलाही प्रथम तेथील न्यायव्यवहाराचाच शोध घ्यावा लागेल.