दरीतला मेंढपाळ : तेविसाव्या स्तोत्राचे एक वाचन

स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी सामान्य श्रद्धावंताला एखादेच तोंडपाठ असेल, तर ते बहुधा तेविसावे असते. आजाऱ्याच्या उशाशी, दफनविधीच्या वेळी, वर्षश्राद्धाच्या मिस्सेत ते हमखास म्हटले जाते. खांद्यावर कोकरू घेतलेल्या मेंढपाळाचे चित्र आपल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर असते. इतक्या जवळिकीचा एक तोटा असा, की जी कविता आपण सतत म्हणतो ती वाचण्याचे मात्र हळूहळू सोडून देतो. प्रस्तुत लेखात हे स्तोत्र साहित्यकृती म्हणून वाचण्याचा आणि त्यातून मिळणारे सांत्वन नेमके कोणत्या जातीचे आहे, हे पाहण्याचा प्रयत्न आहे. हा प्रश्न केवळ रसास्वादाचा नाही. दुःखात असलेल्या माणसाला गोड पण पोकळ शब्द दिले, तर त्याच्या मूळ दुःखात फसवणुकीची भर पडते. म्हणून आपण जे सांत्वन वाटतो ते खरे आहे की नाही, याची तपासणी झाली पाहिजे.

प्रथम रचनेकडे पाहू. मूळ हिब्रूत, शीर्षक वगळल्यास, या स्तोत्राचे अवघे पंचावन्न शब्द आहेत. परमेश्वराचे नाव त्यात दोनदाच येते, एकदा अगदी आरंभी आणि एकदा शेवटच्या ओळीत. बरोबर मध्यभागी तीन शब्दांचे एक छोटे वाक्य आहे, देवाच्या सोबतीची ग्वाही देणारे. त्याच्या आधी सव्वीस शब्द आहेत आणि नंतरही सव्वीसच. हिब्रू अक्षरांना संख्यामूल्य असते आणि परमेश्वराच्या चार अक्षरी नावाचे मूल्य सव्वीस भरते, याकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. कवीने हा हिशेब मांडून लिहिले की नाही, याविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु कवितेचा तोल कोणत्या बिंदूवर सावरला आहे, याविषयी शंका उरत नाही. तो हिरव्या कुरणावर नाही, संथ पाण्यावरही नाही. तो काळोख्या दरीत उच्चारलेल्या त्या तीन शब्दांवर आहे.

या केंद्राशी आणखी एक गोष्ट घडते. कवितेच्या पूर्वार्धात कवी देवाविषयी बोलतो. तो मला विसावा देतो, तो मला नेतो, अशी ती तृतीय पुरुषी भाषा आहे. दरीत पाऊल पडताच मात्र ही भाषा बदलते. 'तो' जातो आणि 'तू' येतो. कुरणात असताना ज्याच्याविषयी बोलता येत होते, त्याच्याशी अंधारात बोलावे लागते. सुखाच्या दिवसांत देव हा आपल्या संभाषणाचा विषय असतो आणि संकटात तो संभाषणातला दुसरा पक्ष होतो. हे तत्त्व कवीने कोठेही सांगितलेले नाही, केवळ एका सर्वनामाच्या बदलातून त्याने ते घडवून दाखवले आहे. उत्तम काव्य असेच काम करते. शेवटच्या भागात कवी पुन्हा 'तो'कडे वळतो, परंतु तोवर ओळख बदललेली असते.

दरीच्या आधीच्या ओळीत कवी नीतिमत्त्वाच्या वाटांचा उल्लेख करतो. मूळ शब्दाला पुष्कळ चालून रुळलेली वाट असा अर्थ आहे. मेंढपाळ कळपाला योग्य वाटेने नेतो, हे सांगून झाल्याबरोबर दरी येते. हा क्रम महत्त्वाचा आहे. मेंढरू भरकटले म्हणून दरीत गेले, असे कवी म्हणत नाही. योग्य वाटच दरीतून जाते. एका कुरणातून दुसऱ्या कुरणाकडे जायचे तर डोंगरातल्या अरुंद घळी ओलांडाव्याच लागतात, हे मेंढरे राखणाऱ्याला सांगावे लागत नाही. आमच्याकडे येणारी दुःखी माणसे बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतात तो असा, की फादर, माझे काय चुकले म्हणून देवाने हे दिले? संकट म्हणजे शिक्षा, हे समीकरण आपल्या मनात फार खोल रुजले आहे. तेविसाव्या स्तोत्राने ओळींच्या नुसत्या क्रमाने ते मोडीत काढले आहे.

दरीचे वर्णन करणारा 'त्सलमावेत' हा हिब्रू शब्दही वादाचा आहे. 'सेप्तुआजिंत' या प्राचीन ग्रीक भाषांतराने त्याची फोड 'मृत्यूची सावली' अशी केली. लॅटिनने आणि पुढे अनेक भाषांनी तीच वाट धरली. आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकांना तो 'गडद अंधार' या अर्थाचा एकच शब्द वाटतो. मला दुसरा अर्थ अधिक व्यापक वाटतो. ही दरी केवळ मृत्यूची असेल, तर स्तोत्र मरणाऱ्यापुरते आणि त्याच्या आप्तांपुरते उरते. ती दाट अंधाराची असेल, तर दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरातली स्त्री, कर्जात बुडालेला कुटुंबप्रमुख, परदेशी गेलेल्या मुलाच्या फोनची वाट पाहत बसलेली म्हातारी, ही सगळी त्या दरीतलीच माणसे ठरतात.

आता मेंढपाळाकडे वळू. आपल्या धार्मिक चित्रांतला मेंढपाळ स्वच्छ झग्यातला, मऊ हातांचा असतो. बायबलमधला तसा नाही. देवाला आपला मेंढपाळ म्हणणारा पहिला माणूस उत्पत्तीच्या पुस्तकातला वृद्ध याकोब. मिसर देशात, परमुलखात, मरणशय्येवर तो हे बोलतो. स्वतः आयुष्यभर मेंढरे राखलेला हा माणूस त्याआधी एकदा सासरा लाबान याच्याशी भांडताना आपल्या धंद्याची खरी कहाणी सांगून बसला आहे : दिवसा उन्हाने होरपळायचे, रात्री थंडीने गारठायचे, झोपेचे नाव नाही आणि मेलेल्या जनावराची भरपाई पदरची. असा माणूस देवाला मेंढपाळ म्हणतो, तेव्हा ती उपमा लाडाची राहत नाही. आमोस हा संदेष्टाही मेंढरांच्या धंद्यातला. मेंढपाळ सिंहाच्या तोंडून काय सोडवून आणतो? दोन तंगड्या किंवा कानाचा तुकडा, असे तो सांगतो. कळपातली सगळी मेंढरे वाचतात, असा दावा बायबलने केलेला नाही.

स्तोत्रातल्या मेंढपाळाच्या हाती दोन वस्तू आहेत. एक श्वापदांना हाणायचा सोटा आणि दुसरी आधाराची काठी. कवीला धीर वाटतो तो या दोन वस्तू पाहून. देवाच्या चेहऱ्याचे वर्णन तो करीत नाही. दाट अंधारात चेहरा दिसतच नाही. काठी मात्र लागते, तिचा आवाज येतो. देवाचे अस्तित्व जाणवत नाही, अशी कबुली देणाऱ्या भाविकाला ही सूक्ष्मता मोलाची वाटावी.

मराठी वाचकापुढे येथे एक अडचण उभी राहते. कोकणपट्टीतला आपला समाज शेती, बागायत आणि मासेमारी यांवर वाढलेला. मेंढरू आपल्या अंगणात कधी नव्हते. शिवाय मराठीत मेंढरू हे अविचाराने मागे जाण्याचे प्रतीक आहे. कुणाला मेंढरू म्हणणे हा गौरव नव्हे. देवाच्या वात्सल्यासाठी मराठी भक्तिकाव्याने प्रतिमा निवडली ती आईची. विठ्ठल हा पुरुषदेव असूनही वारकऱ्यांची माउली झाला. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीही आपल्या अभंगांत ख्रिस्ताला आईच्या नात्याने आळवले. त्यामागे परंपरेची अचूक जाण होती. त्याहीपूर्वी, १६१६ साली रायतूर येथे प्रसिद्ध झालेल्या 'ख्रिस्तपुराणा'त फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तकथा ओवीच्या घाटात घातली होती. मग मेंढपाळाची प्रतिमा आपण आईच्या प्रतिमेत विरघळू द्यावी का? मला तसे वाटत नाही. आई लेकराला कुशीत घेते आणि कुशी ही थांबण्याची जागा आहे. मेंढपाळ चालवत नेतो. तेविसावे स्तोत्र हे प्रवासाचे काव्य आहे. त्यातले सांत्वन पुढे चालण्याचे बळ देते.

आणि मेंढपाळ आपल्याला अगदीच अनोळखी आहे, असेही नाही. पावसाळा सरला की घाटावरच्या कोरड्या मुलखातले धनगर कळप घेऊन घाट उतरतात. कोकणातले शेतकरी लेंडीखतासाठी त्यांची मेंढरे आपल्या शेतात बसवतात. घोड्यावर बिऱ्हाड, वर बांधलेली लहान पोरे आणि नवजात कोकरे, बरोबर कुत्री, रात्री लांडग्याच्या धास्तीने जागरण. हा धनगर देखणा दिसावा म्हणून चालत नसतो. त्याच्या घोंगडीला पावसाचा, धुराचा आणि जनावरांचा वास असतो. आमच्या कवींनी पॅलेस्टाइनमधल्या मेंढपाळाची कल्पना करण्यापूर्वी या माणसाकडे एकदा नीट पाहावे. स्तोत्राची अर्धी टीका तेथेच मिळेल.

दरीनंतर प्रतिमा बदलते. मेंढपाळाच्या जागी यजमान येतो आणि कुरणाच्या जागी पंगत. काही अभ्यासक यामुळे स्तोत्राचे दोन तुकडे मानतात. परंतु दोन्ही ठिकाणी धोका कायम आहे, हे लक्षात घेतले तर एकसूत्रता दिसते. मेज मांडले जाते ते शत्रूंच्या देखत. शत्रू नाहीसे झालेले नाहीत. ते उभे आहेत आणि पाहुणा जेवतो आहे. अखेरीस कवी आणखी एक धाडस करतो. चांगुलपणा आणि 'हेसेद', म्हणजे देवाची अढळ करारनिष्ठ दया, आपल्या मागे येतील असे सांगताना तो जे क्रियापद वापरतो, ते बायबलमध्ये बहुधा शत्रूच्या पाठलागासाठी येते. ज्याच्या मागे आजवर वैरी लागले, त्याच्या मागे आता दया लागली आहे. भाषांतरांत हा थरार पुष्कळदा निवून जातो.

आरंभीच्या ख्रिस्तसभेने हे स्तोत्र कसे वाचले, हेही उद्‌बोधक आहे. चौथ्या शतकातील जेरुसलेमचे संत सिरिल आणि मिलानचे संत अँब्रोज नवदीक्षितांना पवित्र संस्कारांचा अर्थ सांगताना या स्तोत्राचा आधार घेतात. पाणी म्हणजे स्नानसंस्कार, डोक्यावरचे तेल म्हणजे अभ्यंग, मेज आणि प्याला म्हणजे पवित्र मिस्साबलिदान. अर्थात त्यांच्या लेखी हे ख्रिस्ती जीवनाच्या आरंभाचे गीत होते. रोमच्या भुयारी दफनभूमीत तिसऱ्या शतकातल्या भिंतींवर मेंढपाळ रंगवला गेला, तेव्हा ख्रिस्ती होणे हीच जोखीम होती. आपण मात्र हे स्तोत्र हळूहळू दफनभूमीच्या स्वाधीन केले आहे. ते तेथे शोभते, पण केवळ तेथेच ठेवले तर जिवंत माणसांच्या वाट्याला त्यातले काहीच येत नाही.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. ज्याचे तान्हे मूल गेले, त्याला हे स्तोत्र ऐकवायचे कोणत्या तोंडाने? २०२० च्या टाळेबंदीत अंत्यविधीला वीसपेक्षा अधिक माणसांना परवानगी नव्हती. कित्येकांना आपल्या माणसाचा चेहराही शेवटी पाहता आला नाही. तेव्हा हे शब्द अनेकांच्या घशात अडकले. माझ्या मते बायबलनेच या आक्षेपाला जागा ठेवली आहे. तेविसाव्याच्या अगदी आधी बाविसावे स्तोत्र आहे, ज्याच्या पहिल्या आक्रोशाने प्रभू येशूने क्रुसावरून पित्याला हाक मारली. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याला दिलाशाचा शेवट जोडण्याचा मोह संपादकांनी टाळला. ज्याला तेविसावे म्हणवत नाही त्याने ही स्तोत्रे म्हणावीत. तीही प्रार्थनाच आहे. दुःखिताला त्याच्या वेळेआधी तेविसाव्याकडे ओढत नेणे, हा आपण सांत्वनकर्त्यांचा उतावीळपणा होय.

शेवटी आम्हा धर्मगुरूंविषयी. मेंढपाळाची प्रतिमा ही आमची बिरुदावली नव्हे, ती आमच्यावरची आरोपपत्रिकाही आहे. प्राचीन पश्चिम आशियात राजे स्वतःला मेंढपाळ म्हणवीत. हम्मुराबीने आपल्या कायद्याच्या प्रस्तावनेत तसे कोरून ठेवले आहे. यहेज्केल संदेष्टा चौतिसाव्या अध्यायात अशाच मेंढपाळांना जाब विचारतो. मेंढरांची लोकर नेसलात, चरबी खाल्लीत, पण दुबळ्यांना सावरले नाही, असा त्याच्या आरोपाचा आशय आहे. म्हणून देव स्वतः मेंढपाळ होऊ पाहतो. योहानाच्या शुभवर्तमानातील 'उत्तम मेंढपाळ' हा त्याच वचनाचा पुढचा अध्याय. तेथला लांडगा पाहून पळणारा मोलकरी आम्हाला ओळखीचा वाटला पाहिजे. पुनरुत्थान काळाच्या चौथ्या रविवारी हे शुभवर्तमान वाचले जाते आणि त्याच दिवशी, १९६४ पासून, पाचारणासाठी जागतिक प्रार्थनाही केली जाते. ती करताना यहेज्केलाचा तो अध्यायही आठवावा. लोकांना देवाच्या सोबतीवर विश्वास ठेवायला सांगणारा माणूस जर त्यांच्या दारी गेलाच नाही, तर त्याच्या तोंडचे स्तोत्र कितीही सुस्वर असले तरी व्यर्थ आहे.

आपल्या नियतकालिकांकडे येणाऱ्या भक्तिपर कवितांत मेंढपाळ वारंवार भेटतो. त्यात हिरवळ असते, झुळझुळते पाणी असते, गोंडस कोकरू असते. दरी मात्र दोन शब्दांत उरकलेली असते आणि शत्रू तर नसतोच. कवींच्या श्रद्धेविषयी मला यत्किंचितही शंका नाही. परंतु मूळ कवीने ज्या दोन गोष्टी धैर्याने ठेवल्या त्याच गाळल्या, तर उरते ती सजावट. नव्या लेखकांना एवढेच सुचवावेसे वाटते, की त्यांनी आपल्या गावातल्या दरीचे नाव घ्यावे आणि मग काठीचा आवाज ऐकू येतो का, हे प्रामाणिकपणे लिहावे. न आला तर तसेही लिहावे. वाचकांनीही हे स्तोत्र एकदा घाई न करता, प्रत्येक सर्वनामाशी थांबत वाचावे, आणि ज्याला आज ते म्हणवत नाही अशा शेजाऱ्याकडे एकदा जाऊन यावे.