बिस्किटांच्या चोरीचे चित्र

आई ताटली पुसते आहे, सिंक भरून पाणी खाली वाहते आहे आणि मागे कलत्या स्टुलावर चढून मुलगा बिस्किटे चोरतो आहे. वाचाघाताच्या बोस्टन चाचणीतले (१९७२) हे चित्र स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांनाही दाखवतात आणि ‘काय चालले आहे?’ असे विचारतात. अल्झायमरच्या रुग्णाला नेमके नाम सापडत नाही. तो ‘ते’, ‘तो’ यांवर भागवतो. शब्दांचा अर्थच पुसला जाणाऱ्या प्रकारात बोलणे ओघवते, पण स्टुलाची नुसती ‘वस्तू’ होते. अडखळत्या प्रकारात अर्थ शाबूत, वाक्य मात्र मोडते. कल्पना सुरेखच.

आमचा आक्षेप तिच्या घाईच्या वापराला आहे. २०२० च्या ‘अ‍ॅड्रेस’ स्पर्धेत संगणकांपुढे याच चित्राची १५६ जणांनी केलेली इंग्रजी वर्णने होती. त्यांतून ओळखायचे ते अल्झायमर आहे की नाही आणि आकलनाच्या चाचणीतले गुण किती, एवढेच. प्रकार ओळखणे दूरच! शिवाय मराठीत नुसते ‘चढला’ म्हटले तरी कर्ता कळतो, सर्वनाम लागतेच असे नाही. मग सर्वनामे मोजण्याचे इंग्रजी माप आपल्याकडे कसे चालेल? आणि जन्मभर मोरीत बसून भांडी घासलेल्या आजी त्या सिंकबद्दल काहीच बोलल्या नाहीत, तर तो आजार समजायचा का? आधी निरोगी मराठी वृद्धांची वर्णने, शिक्षण व बोली यांची नोंद ठेवून, जमवायला हवीत.