गाळातील विषाची परीक्षा : एका प्रमाणपद्धतीचे परीक्षण

कीटकनाशकांचे जलचरांवरील परिणाम अजमावताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा पाण्याकडे आणि माशांकडे वळते. परंतु सायपरमेथ्रिनसारखी द्रव्ये पाण्यात अत्यल्प विरघळतात. ती मातीच्या कणांना चिकटून तळाशी बसतात. पाणी निर्दोष ठरले तरी गाळातील जीवांचा विषाशी संबंध तुटत नाही. ही उणीव दूर करण्याच्या हेतूने आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २००४ साली २१८ क्रमांकाची प्रमाणपद्धती प्रसिद्ध केली. तिचे महत्त्व निर्विवाद आहे. मात्र यवतमाळसारख्या कापूसप्रधान जिल्ह्यास ती कितपत लागू पडते, हे तपासणे अगत्याचे आहे.

या पद्धतीत कायरोनोमस या चिलटासारख्या, परंतु न चावणाऱ्या कीटकाच्या कोवळ्या अळ्या विष मिसळलेल्या गाळात सोडतात. त्यांपैकी किती प्रौढ होऊन बाहेर पडल्या व त्यास किती दिवस लागले, याची नोंद होते. कायरोनोमस रायपॅरियस या जातीसाठी प्रयोगाची मुदत २८ दिवस व तापमान सुमारे २० अंश सेल्सियस असते. निर्विष पात्रांतील किमान ७० टक्के अळ्या प्रौढ न झाल्यास प्रयोग ग्राह्य धरीत नाहीत. केवळ मृत्यू न मोजता वाढीतील विलंबही मोजणे, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. जी मात्रा अळीला ठार करीत नाही, तीही तिचे जीवनचक्र बिघडवू शकते.

पद्धतीची मर्यादा तिच्या गाळातच आहे. हा गाळ कृत्रिम असून त्यात ४ ते ५ टक्के पीट, २० टक्के केओलिन आणि उरलेला भाग वाळूचा असतो. सेंद्रिय कर्बाचे प्रमाण सुमारे २ टक्के राखतात. अरुणावती, अडाण, पूस व बेंबळा या नद्यांत पावसाने वाहून येणारी काळी माती याहून निराळी. तिच्यात केओलिनऐवजी फुगणाऱ्या माँटमोरिलोनाइट वर्गातील चिकणमातीचे प्राबल्य असते आणि कर्ब सामान्यतः १ टक्क्याहून कमी असतो. कर्ब कमी असल्यास तेवढीच मात्रा कणांमधील पाण्यात अधिक उतरेल, असे अनुमान निघते. उलट, विपुल चिकणमाती तीच मात्रा धरून ठेवील, असेही म्हणता येते. या दोहोंपैकी कोणता परिणाम प्रबळ ठरतो, हे स्थानिक गाळावरील प्रयोगच ठरवू शकेल.

तापमानाचा प्रश्नही असाच दुहेरी आहे. पायरेथ्रॉइड द्रव्ये थंडीत अधिक विषारी ठरतात, तर प्रोफेनोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट द्रव्ये सामान्यतः उष्णतेत. म्हणून २० अंशांवरील निष्कर्ष विदर्भातील कोमट पाण्यास लावल्यास एका द्रव्याचा धोका वाढवून व दुसऱ्याचा घटवून सांगितला जाण्याचा संभव आहे. कापसावर ही दोन्ही द्रव्ये एकत्र मिसळलेलीही फवारतात आणि हंगामात फवारणी पुनःपुन्हा होते. प्रमाणपद्धतीत मात्र एकच द्रव्य आरंभी एकदाच गाळात मिसळतात.

प्रमाणपद्धती नैसर्गिक गाळाचा वापर निषिद्ध मानीत नाही. तो दूषित नसावा व त्याचे गुणधर्म नोंदलेले असावेत, एवढीच तिची अट आहे. कापसाच्या मुलखात ही अटच कठीण. टिपेश्वर अभयारण्यातील ओढ्यांचा गाळ, वनखात्याच्या अनुमतीने व रासायनिक पृथक्करणानंतर, तुलनेसाठी विचारात घेता येईल.

२०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या आघाताने हातमोजे, मुखपट्टी व फवारणीयंत्र यांकडे लक्ष वेधले, आणि ते योग्यच होते. परंतु शेतातून ओढ्यात गेलेल्या विषाची गणना त्यात झाली नाही. गाळातील अळ्या माशांचे अन्न आहेत आणि मासे माणसांचे. तेव्हा हा विषय केवळ कीटकांपुरता उरत नाही.

सारांश, प्रस्तुत पद्धती तुलनेचे उत्तम माप आहे. निरनिराळ्या प्रयोगशाळांचे निष्कर्ष तिच्यामुळे एका पातळीवर येतात. परंतु त्या मापाने काढलेली सुरक्षित मर्यादा काळ्या मातीच्या नद्यांसाठी जशीच्या तशी स्वीकारणे शास्त्रीय ठरणार नाही. कृत्रिम व स्थानिक असे दोन्ही गाळ शेजारी शेजारी ठेवून, २० अंशांबरोबरच स्थानिक तापमानातही परीक्षा घेणे, ही त्यापुढील आवश्यक पायरी होय.